गोळी की बोलणे?

(द्वितीय वर्ष कला)

परवा मानसशास्त्राच्या तासाला सरांनी वादविवाद ठेवला होता. विषय : ‘द्विध्रुवी विकाराचे मूळ शरीरात की मनात?’ चिठ्ठ्या काढल्या तेव्हा माझ्या वाट्याला ‘मनात’ ही बाजू आली. मी तावातावाने बोलले, टाळ्याही मिळाल्या. परंतु खाली बसले आणि माझे मलाच अवघडल्यासारखे झाले. कारण हा आजार माझ्या आजोळी अकरा वर्षे मुक्कामाला आहे, आणि त्या भाषणातले एकही वाक्य मी तिथे कुणाला ऐकवू शकले नसते.

माझे मामा ऊसतोड कामगार. मी तिसरीत होते त्या उन्हाळ्यात त्यांची झोपच उडाली. रात्र रात्र ते गावभर फिरत. मुकादमाकडून घेतलेली उचल त्यांनी चार दिवसांत वाटून टाकली, बैलजोडी मातीमोल भावाने विकली आणि स्वतःचा साखर कारखाना काढायची भाषा सुरू केली. दोन महिन्यांनी तोच माणूस भिंतीकडे तोंड करून पडला. भाकरीचा तुकडाही मागेना. आजी म्हणाली, ‘बाहेरचं हाय.’ देवऋषी झाला, लिंबू झाले, कोंबडे झाले. एका शिकलेल्या पाहुण्याने मात्र निदान केले, ‘बायकोच्या कटकटीनं डोकं फिरलं.’ वाचकहो, मला आजीपेक्षा हा पाहुणा अधिक भयंकर वाटतो. आजीचे भूत निदान बाहेरून आले होते. याने घरातल्या बाईलाच भूत ठरवले! मामी अजून ते वाक्य विसरलेली नाही.

सगळे खापर मनावर फोडले की ते शेवटी कुणाच्या तरी डोक्यावर फुटते. म्हणून शरीराची बाजू ऐकली पाहिजे. एकबीज जुळ्यांपैकी एकाला हा विकार असेल तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता भिन्नबीज जुळ्यांपेक्षा पुष्कळच जास्त असते, असे अभ्यास सांगतात. यात मामीचा काय दोष? पण दुसऱ्या एकबीज जुळ्याला तो होतोच असेही नाही. रक्त तेच, तरी एक आजारी आणि एक धडधाकट. म्हणजे रक्ताखेरीज आणखी काही तरी आहेच.

औषधाची कथा मला फार आवडते. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरने लिथियमचे क्षार उन्मादाच्या दहा रुग्णांना दिले. लिथियम म्हणजे खडकात सापडणारे साधे मूलद्रव्य. त्याचा पहिला रुग्ण पाच वर्षे उन्मादात होता. तो सुधारून घरी गेला, कामालाही लागला. पुढे त्याने औषध सोडले आणि आजार उलटला. पुन्हा औषध सुरू झाले, तेव्हा १९५० मध्ये त्याच औषधाच्या विषबाधेने तो गेला. गोळीची सारी थोरवी आणि सारी जोखीम त्या एका माणसात दिसते. लिथियमचे रक्तातले प्रमाण साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान राहावे लागते. कमी पडले तर उपयोग नाही, वाढले तर हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. म्हणून रक्त तपासत राहावे लागते. अंगातले पाणी कमी झाले तरी हे प्रमाण वाढते.

मामांनाही हीच गोळी मिळाली, आणि ती लागू पडली हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण ज्या दवाखान्यात ती मिळाली तिथे कुणी त्यांच्याशी बोललेच नाही. चिठ्ठी लिहिली, पुढचा पेशंट! उन्हात ऊस तोडणाऱ्या माणसाने पाणी भरपूर प्यावे, बरे वाटले तरी गोळी सोडू नये, एवढे सांगायला किती वेळ लागतो? मामांनी दोन वर्षांनी गोळी सोडली. ‘मला आता काय बी झालं न्हाई,’ म्हणाले. पुढची दिवाळी आम्ही त्यांना शोधण्यात घालवली.

तेव्हा माझे मत असे की, गोळी आधी; बोलणे ही मात्र श्रीमंतांची चैन नव्हे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, या विकाराच्या विषादात औषधाच्या जोडीला नियमित मानसोपचार मिळालेले रुग्ण लवकर सावरले असे दिसले. झोपेची, जेवणाची वेळ सांभाळायला शिकवणारी उपचारपद्धतीही आहे, कारण झोप मोडली की उन्माद उसळू शकतो.

आणि इथे माझे भाषण अडते. ऊसतोडीला पहाटे तीनला उठावे लागते, गाडी भरायला रात्री-अपरात्री जावे लागते. ही मोडलेली झोप शरीराच्या खात्यात मांडायची की मनाच्या? सरांनी दिलेल्या दोन बाजूंत मुकादमाची उचल कुठेच बसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे खरा. पण त्या हक्कापर्यंत पोचायला एस.टी.चे भाडे आणि एक दिवसाची मजुरी लागते.

सध्या मामा गोळी घेतात. मामी रोज रात्री मोजून देते. सुट्टीत मी त्यांना केडची गोष्ट सांगितली, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘त्या गड्याला पाणी पी म्हणून कुणी सांगितलं नसंल.’ यंदाची रक्ततपासणी दसऱ्यानंतर आहे. मुकादम त्याच्या आधीच येऊन गेला आहे. उचल घ्यायची की नाही, हे घरात अजून ठरलेले नाही.