कापसाच्या वाटेने अमेरिका

चातुर्मासात प्रवास आवरता घ्यावा, असा आपल्या घरांतील जुना प्रघात आहे. साधु-साध्वी एका स्थानी थांबतात, तेव्हा गृहस्थानेही आपली पावले थोडी आखडती घ्यावीत, हा त्यामागचा विचार. परंतु पाय थांबले म्हणून दृष्टीने थांबावे, असे नाही. भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपलेले असते, बाहेर पाऊस लागलेला असतो आणि घरातील तीन पिढ्या एका खोलीत बसलेल्या असतात. अशा वेळी एकत्र पाहावेत अशा काही माहितीपटांविषयी या महिन्यात लिहावयाचे आहे. विषय अमेरिकेचा आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज तेथे शिकत आहेत, नोकरी-व्यवसाय करीत आहेत. त्या देशाचा इतिहास आपणही थोडा जाणून घ्यावा.

केन बर्न्स या अमेरिकन दिग्दर्शकाने आपले आयुष्य अशा माहितीपटांना वाहिले आहे. त्यांपैकी दोन प्रवासाचे आहेत. ‘लुईस अँड क्लार्क’ (१९९७) हा १८०४ ते १८०६ या काळात मिसुरी नदीच्या मार्गाने पॅसिफिक महासागरापर्यंत जाऊन आलेल्या तुकडीची कथा सांगतो. ‘होरेशिओज ड्राइव्ह’ (२००३) लहान मुलांनाही आवडेल. १९०३ मध्ये होरेशिओ जॅक्सन नावाच्या डॉक्टरने पन्नास डॉलरची पैज लावली आणि धड रस्ते नसलेला अख्खा देश मोटारीने ओलांडला. सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला पोहोचण्यास त्याला ६३ दिवस लागले. सोबतीला एक मेकॅनिक होता आणि वाटेत घेतलेला एक कुत्रा. या कुत्र्याच्या डोळ्यांवरही धुळीपासून रक्षणासाठी चष्मा चढविलेला असे.

मात्र व्यापारी घराने अवश्य पाहावा असा बर्न्स यांचा माहितीपट निराळाच आहे. त्याचे नाव ‘द सिव्हिल वॉर’. सप्टेंबर १९९० मध्ये तो तेथील सार्वजनिक दूरचित्रवाणीवर सलग पाच रात्री दाखविला गेला. भाग नऊ, अवधी सुमारे अकरा तास. युद्ध चार वर्षे चालले, त्याचा माहितीपट करण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागला. त्या काळी चलच्चित्रे नव्हती. म्हणून जुन्या छायाचित्रांवरून कॅमेरा संथपणे फिरतो आणि निवेदक सामान्य सैनिकांची पत्रे व रोजनिश्या वाचून दाखवितात. सलिव्हन बॅलू नावाच्या अधिकाऱ्याने १४ जुलै १८६१ रोजी पत्नीला लिहिलेले पत्र ऐकताना आजही मन हेलावते. आठवड्याभरातच झालेल्या लढाईत तो जबर जखमी झाला आणि पुढे मरण पावला.

हे युद्ध गुलामगिरीवरून झाले. दक्षिणेकडील राज्यांत सुमारे चाळीस लक्ष माणसे गुलाम होती आणि त्यांच्या श्रमांचे मुख्य पीक कापूस हे होते. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस तेथून जात असे. एप्रिल १८६१ मध्ये लिंकन यांनी दक्षिणेची बंदरे रोखण्याचा हुकूम दिला आणि तो पुरवठा खुंटला. माहितीपटाचा कॅमेरा येथून रणांगणाकडे वळतो. आपण मात्र येथून खानदेशाकडे वळले पाहिजे.

इंग्लंडला कापूस हवा होता आणि तो मुंबईच्या बंदरातून मिळणार होता. नेमक्या त्याच सुमारास रेल्वे खानदेशात येऊन पोहोचली होती. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळे. जळगाव फार मोठे गाव नव्हते. अमेरिकेतील युद्धाच्या काळात ते कापसाची मोठी पेठ झाले आणि १८६५ मध्ये भाव कोसळल्यावर या पेठेला जबर फटका बसला, अशी नोंद जुन्या सरकारी गॅझेटियरमध्ये आहे. धुळ्याला तर शाखा-रेल्वे १९०० मध्ये आली. तोवर तेथील माल बैलगाड्यांनीच बाहेर पडत असे.

मुंबईत या तेजीने माणसांची मती गुंग केली. बॅकबे भरावाच्या कंपनीचा पाच हजार रुपयांचा भाग पन्नास हजारांपर्यंत चढला. सट्ट्याच्या या साम्राज्याचे सम्राट होते आपल्याच समाजातील प्रेमचंद रायचंद. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती ली शरण आले, ती वार्ता मुंबईस पोहोचली आणि मनोरे ढासळू लागले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस अनेक पेढ्यांचा अखेरचा दिवस ठरला. प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. ते पुन्हा उभे राहिले. त्यांच्या देणगीतून उभारलेला आणि मातोश्रींचे नाव असलेला राजाबाई टॉवर आजही मुंबई विद्यापीठात उभा आहे.

व्यापारी सावरले. शेतकरी मात्र तितक्या सहज सावरला नाही. तेजीच्या भरवशावर घेतलेले कर्ज मंदीत फेडावयाचे होते. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. त्यांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कर्जाच्या कागदांवर होता. त्यांनी रोखे हिसकावून घेतले आणि जाळले. त्या सावकारांत मारवाडी व गुजराती घरे पुष्कळ होती. अमेरिकन युद्धानंतरची कापसाची घसरण हे या उठावाचे एक कारण म्हणून अनेक इतिहासकार सांगतात.

आपल्या शास्त्रकारांनी मार्गानुसारी गृहस्थाचे जे पस्तीस गुण सांगितले आहेत, त्यांत ‘न्यायसंपन्न विभव’ हा पहिला आहे. संपत्ती न्यायाने मिळविलेली असावी. १८६२ मध्ये खानदेशातील एखाद्या पेढीवर बसलेल्या व्यापाऱ्याने कोणाला गुलाम केले नव्हते, कोणावर गोळी झाडली नव्हती. तो केवळ त्या दिवसाच्या भावाने कापूस घेत व विकत होता. परंतु तो भाव दूर देशातील रक्तपाताने ठरत होता, आणि त्याआधीचा स्वस्त भाव गुलामांच्या घामाने. तो व्यापारी दोषी होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. भाव कशाने चढला आणि कोणाच्या अंगावर उतरणार आहे, हा प्रश्न मात्र त्याच्या काळी जितका खरा होता, तितकाच आज मोबाइलवर वायदे पाहणाऱ्या त्याच्या पणतूलाही लागू आहे.

बर्न्स यांचा माहितीपट उभा राहिला, कारण सामान्य घरांनी आपली पत्रे व छायाचित्रे जपली होती. आपण काय जपले? धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून जुनी कागदपत्रे सांभाळीत आहे. आपल्या पेढ्यांच्या कीर्द-खतावण्या मात्र दर दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. त्यांत कोणत्या सालात कोणता भाव होता, दुष्काळात कोणाचे व्याज सोडले, कोणाचे शेत नावावर करून घेतले, हे सारे लिहिलेले असते. मोडी किंवा महाजनी लिपी वाचू शकणारे वडीलधारे घरोघरी आता एखाद-दुसरेच उरले आहेत.

म्हणून एक विनंती. यंदाच्या वहीपूजनापूर्वी माळ्यावरील जुन्या वह्या खाली काढा, कोरड्या कापडाने पुसा आणि पानन् पान मोबाइलवर टिपून ठेवा. नातवाने कॅमेरा धरावा आणि आजोबांनी वाचून दाखवावे. ज्या पानांचा अभिमान वाटतो ती वाचावीत, आणि ज्या पानांवर आवाज अडखळेल, तीही गाळू नयेत.