मशेरी म्हणजे दात घासणे नव्हे

धरमतरच्या खाडीकाठी, पेणच्या खारेपाटात आणि रोह्याच्या बाजूस ज्या आगरी, कोळी, कातकरी बाया पहाटे उठून कामास लागतात, त्यांपैकी पुष्कळजणींचा दिवस आजही मशेरीच्या डबीने उजाडतो. तव्यावर तंबाखूचे पान काळे होईपर्यंत भाजावे, हाताने चुरून पूड करावी आणि ती बोटाने हिरड्यांस चोळीत उंबऱ्यावर बसावे, यास आमच्याकडे ‘दात घासणे’ म्हणतात. या एका नावानेच आमच्या लोकांचा मोठा घात केला आहे. दारू पिणारास आपण दारू पितो हे ठाऊक असते, विडी ओढणारासही असते. पण मशेरी लावणारी बाई आपण तोंड स्वच्छ करीत आहो असे समजते. व्यसनाने स्वच्छतेचे सोंग घेतले, म्हणून घरात त्यास कोणी हटकीत नाही. उलट आईची डबी दुकानातून भरून आणण्याचे काम घरातल्या पोरासच सांगितले जाते, आणि अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे हा २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, याची आठवण दुकानदारासही राहत नाही व आईसही राहत नाही.

तंबाखू भाजली म्हणजे तिचे विष जाते, असाही एक समज आहे. तो साफ खोटा आहे. भाजल्याने पानाचा रंग बदलतो. त्यातील निकोटीन हे नशेचे द्रव्य व कर्करोग उपजविणारी द्रव्ये आत राहतातच, आणि भाजताना जळकेपणाने त्यांत आणखी भर पडते. तोंडातली कातडी नाजूक, तिच्यातून हे सारे थेट रक्तात उतरते. म्हणून तर पहिल्या दिवशी पोरीस चक्कर येते, आणि पुढे तीच पोर मशेरीवाचून सुचत नाही म्हणू लागते. मग सकाळची एक खेप पुरत नाही. जेवणानंतर एक, दुपारी काम आटोपल्यावर एक, निजताना एक. ‘लावल्याबिगर पोट साफ व्हत नाय’ हे तर घरोघर ऐकावे. ते खोटेही नाही. निकोटीन आतड्यांस डिवचते, त्याने पोट हलते. पण चाबूक मारल्यावाचून बैल उठत नाही म्हणून चाबूक हा काही बैलाचा खुराक होत नाही.

यात बाईच्या एकटीचे नुकसान असते तरी आम्ही बोललो असतोच. पण पोटातल्या जिवाने काय केले आहे? मुंबईत १,२१७ गरोदर बायांवर शेवटपर्यंत नजर ठेवून केलेल्या पाहणीचा निष्कर्ष २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलात प्रसिद्ध झाला. तोंडात तंबाखू वापरणाऱ्या बायांची, आणि त्यांत मशेरीवाल्याच अधिक होत्या, मुले इतरांच्या मुलांपेक्षा सरासरीने १०५ ग्रॅम हलकी भरली. जुन्या मापाने नऊ तोळे. सोने नऊ तोळे चोरीस गेले तर सारा गाव गोळा होईल. मुलाच्या अंगचे नऊ तोळे मांस गेले त्याची चौकशी कोण करतो?

सरकारास हे माहीत नव्हते असे नाही. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनात व टूथपेस्टीत तंबाखू घालण्यास बंदी केली. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत एक लाखाहून अधिक माणसांची तोंडे तपासून तोंडाच्या कर्करोगाचा व त्याआधी उठणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांचा अभ्यास झाला, तो १९७२ सालीच छापून निघाला. इतके असूनही २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात दर शंभर प्रौढांमागे सुमारे २४ माणसे बिनधुराची तंबाखू वापरणारी निघाली. कारखान्याच्या मंजनावर कायदा चालतो. चुलीवरच्या तव्यावर तो चालत नाही. तेथे घरच्या माणसांनीच मन घातले पाहिजे. आणि पुरुषांनी बायकांस उपदेश करण्याआधी आपल्या गालातली गोळी थुंकावी. नुसती सुपारी खातो, तंबाखू नाही, ही सबबही चालणार नाही. सुपारी स्वतःच कर्करोग करणारी आहे असा निर्णय जागतिक संस्थेने २००४ साली दिलेला आहे. सुपारीने गालाची कातडी आतून आखडते व तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात की नाही हे प्रत्येकाने आज घरीच पाहावे.

मग दात घासावे कशाने? कोळसा, राख, विटेची भुकटी आणि मीठ ही आमची जुनी मंजने. आमच्या दारात मिठागरे, तेव्हा मिठावर आमचा लोभ अधिक हे साहजिक आहे. कोमट पाण्यात मीठ घालून चूळ भरण्यास आमची हरकत नाही, हिरडी दुखत असता त्याने आराम पडतो. पण खरखरीत पूड रोज घासली तर दाताचे वरचे कठीण कवच झिजते आणि ते पुन्हा येत नाही. मग थंड पाणी लागले की झिणझिण्या येतात. निंबाची काडी चावून मऊ केली तर मळ निघतो, हे खरे. परंतु कीड थोपविणारे द्रव्य तिच्यात नाही. ते द्रव्य फ्लोराइड. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. जी वस्तू औषध ठरली तिच्यावर आमचे सरकार १८ टक्के कर घेत होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्क्यांवर आला. उशिरा का होईना, बरे झाले. आता पाकिटावर फ्लोराइड हा शब्द आहे की नाही हे पाहून घ्यावे, इतर जाहिरातीस भुलू नये. मऊ ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट, दोन मिनिटे, दिवसातून दोनदा. एकदाच जमत असेल तर ते रात्री निजताना. कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दाणा दाढेत अडकून रात्रभर कुजतो.

खारेपाटातल्या बाया येथे म्हणतील, पिण्यास पाणी नाही, हंडाभर पाण्यासाठी रांगा, आणि तुम्ही दोनदा दात घासावयास सांगता! त्यांचे म्हणणे रास्त आहे, आणि त्या पाण्याबद्दल सरकारास जाब विचारलाच पाहिजे. पण या कामास पाणी जवळजवळ लागत नाही. पेस्ट लावून घासल्यावर फेस थुंकून टाकावा आणि खळखळून चूळ भरू नये, असेच दंतवैद्य सांगतात. म्हणजे फ्लोराइड दातांवर राहून आपले काम करते. ब्रश ओला करण्यापुरते व शेवटी धुण्यापुरते वाटीभर पाणी पुरे. मशेरी धुऊन काढण्यास लागते त्याहून हे कमीच.

हिरडीतून रक्त आले की आमचे लोक तेथे घासणे सोडून देतात. ही उलटी रीत आहे. रक्त येते ते मळ साचून हिरडी सुजली म्हणून. तेथेच हलक्या हाताने नीट घासले पाहिजे. मळाचा दगड झाला असेल तर तो दंतवैद्याकडून काढून घ्यावा. त्याने दात हलू लागतात ही केवळ भीती आहे. दात आधीच सैल झालेला असतो, दगडाने तो धरून ठेवल्यासारखा वाटतो इतकेच. ज्यांस मधुमेह आहे त्यांनी हिरड्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण हे दोन रोग एकमेकांस वाढवितात. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतला किडा काढून दाखविणारे भेटले, तर त्यांस पैसे देण्याऐवजी किडा आधी कोठे होता हे विचारावे! दाढेत किडा नसतोच. डोळ्यांस न दिसणारे जंतू साखरेचे आम्ल करतात, ते दात पोखरते. आणि दिवसातून सहा वेळा गोड चहा घेणारा मनुष्य त्या जंतूंस सहा पंगती वाढतो.

मशेरी सोडणे सोपे आहे असे आम्ही म्हणत नाही. पहिले काही दिवस डोके दुखते, चिडचिड होते, पोट अडते. त्यावर पाणी, भाजी, थोडे चालणे हा उपाय. आणि १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. खाडीच्या पलीकडे चरी व आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांची शेते लावली नाहीत, उपास काढले पण संप मोडला नाही. त्यांच्याच नाती-पणत्यांना एक डबी सोडवत नाही असे आम्हांस वाटत नाही.

आता सरकारकडे वळू. गरिबाच्या दातास आपल्याकडे एकच उपचार आहे, उपटणे. जी दाढ वेळीच सिमेंट भरून वाचली असती ती दुखेपर्यंत ठेवायची, कारण एक दिवसाची मजुरी बुडते व खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नाही. तोंडातल्या जखमेचेही तेच. पंधरा दिवसांत न भरणारे क्षत, पांढरा वा लाल चट्टा, ही वेळीच दाखविली तर बहुधा लहानशा शस्त्रक्रियेने निभावते. गळ्यात गाठ आल्यावर परळच्या टाटा रुग्णालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. केरळात, तिरुवनंतपुरमकडे, साध्या शिकविलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन तोंडे पाहिली. तंबाखू वा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. बॅटरी आणि पाहणारे डोळे, याहून मोठे यंत्र त्यास लागले नाही. आपल्याकडेही तीस वर्षांवरील प्रत्येकाचे तोंड तपासावे अशी सरकारी योजना आहे, आशाताईंच्या कागदात तोंडातल्या जखमेविषयी प्रश्न आहेत, आणि ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्याची जागा असावी असे केंद्राचेच मापदंड सांगतात.

म्हणून धरमतर, वडखळ, डोलवी व खाडीकाठच्या साऱ्या गावच्या बायांनी येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचाराव्या. आमच्या गावातल्या किती माणसांची तोंडे गेल्या वर्षात तपासली? पेणच्या सरकारी दवाखान्यात दंतवैद्य कोणत्या वारी, किती वाजता बसतो? दाढ उपटण्याखेरीज तो ती भरून देतो काय, आणि भरावयाचे सामान दवाखान्यात आहे काय? मिळालेले उत्तर लेखी घ्यावे आणि आमच्याकडे धाडावे. ते आम्ही जसेच्या तसे छापू.