न शिकवणारी शिकाऊ उमेदवारी

कारखानदारांच्या परिषदांतून गेली काही वर्षे एक तक्रार नित्यनेमाने ऐकू येते. काम आहे, पण कामाला लायक माणसे नाहीत, ही ती तक्रार. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर येथील कारखान्यांत यंत्रमानव आले, संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे आली; परंतु ती सांभाळणारा तंत्रज्ञ मिळत नाही, असे सांगण्यात येते. सरकार या तक्रारीवर मान डोलावते आणि एकामागून एक योजना जाहीर करते. अखेरीस सारा दोष येऊन पडतो तो तालुक्याच्या गावी दोन वर्षे जोडारी किंवा वीजतंत्रीचे शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या तरुणावर. तो अकुशल आहे म्हणून बेकार आहे, असा निवाडा दिला जातो. फिर्यादीनेच न्यायाधीश व्हावे, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच या निवाड्याची तपासणी करणे अगत्याचे ठरते.

प्रथम ही विद्या कोणती, हे समजून घेतले पाहिजे. ‘मेकॅट्रॉनिक्स’ हा शब्द जपानच्या यास्कावा कंपनीतील तेत्सुरो मोरी या अभियंत्याने १९६९ मध्ये बनवला. यंत्रविद्या आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची सांगड, हा त्याचा सरळ अर्थ. त्याच सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सच्या मागणीवरून, रिलेंनी भरलेली कपाटे हटवून त्यांच्या जागी बसवता येईल असा नियंत्रक तयार झाला. आज ज्याला कारखान्यात सर्वजण पी. एल. सी. म्हणतात, तो हाच. सेन्सर खबर देतो, पी. एल. सी. निर्णय करतो आणि मोटर किंवा हवेच्या दाबाने चालणारा सिलिंडर ते काम पार पाडतो. स्वयंचलित कारखान्याचा सारा व्यवहार या तीन पायऱ्यांवर चालतो.

आता समजा, भर पाळीत अशी एक ओळ थांबली. मोटर जळालेली नाही, वीजही आहे. कारण कदाचित एवढेच असेल की, सेन्सरच्या तोंडावर तेल आणि लोखंडाचा कीस साचला असून पुढचा भाग जागेवर आल्याची खबर नियंत्रकापर्यंत पोहोचत नाही. ज्याला या तिन्ही पायऱ्यांचा संबंध ठाऊक आहे, तो नियंत्रकावरील दिवे पाहून पाच मिनिटांत दोष हुडकतो. ज्याला केवळ हिरवे बटण दाबायला शिकवले आहे, तो हात बांधून साहेबाची वाट पाहतो. दोघेही त्याच यंत्रापाशी उभे असतात आणि दोघांच्याही छातीवर ‘प्रशिक्षणार्थी’ असाच बिल्ला असतो. परंतु पहिल्याच्या हाती विद्या आहे, दुसऱ्याच्या हाती काहीच नाही. पहिला उद्या दुसऱ्या कारखान्यात जाऊन ताठ मानेने मजुरी मागू शकतो. दुसऱ्याला त्याच दिवशी दुसरा बटण दाबणारा आणून घरी पाठवता येते.

तेव्हा खरा प्रश्न प्रशिक्षण द्यावे की न द्यावे, हा नाही. या दोघांपैकी कोणता कामगार घडवायचा, हा आहे. आणि हा प्रश्न तंत्राचा नसून सत्तेचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत स्वयंचलित यंत्रांचे दोन मार्ग समोर होते. जनरल इलेक्ट्रिकने अवलंबून पाहिलेल्या एका मार्गात निष्णात यंत्रकारागीर पहिला भाग स्वतः कापी, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर उमटत आणि यंत्र पुढे त्याचीच पुनरावृत्ती करी. दुसऱ्या मार्गात, विमानदलाच्या पैशावर मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत वाढलेल्या पद्धतीनुसार, आज्ञावली कचेरीत तयार होई आणि कारागिराने ती फक्त यंत्रात घालावयाची असे. दुसरा मार्ग विजयी झाला. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, या विजयामागे केवळ तांत्रिक सरसपणा नव्हता. कारागिराच्या हातातील ज्ञान काढून व्यवस्थापनाच्या कचेरीत नेण्याची ओढही त्यामागे होती. यंत्र कोणाचीही बाजू घेत नाही, हे खरे; परंतु यंत्राची निवड करणारा बाजू घेतोच.

भारतात ही निवड आज कायद्याच्या आडून चालू आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ साली झाला. उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे, हे त्यातच लिहिले होते. आरोग्य, सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई एवढे संरक्षण त्याला मिळाले. इतर कामगार कायद्यांचे दार मात्र बंद राहिले. त्या काळी यामागे एक देवाणघेवाण गृहीत होती. उमेदवाराने कामगाराचे हक्क काही काळ बाजूला ठेवावेत आणि मालकाने त्याला पूर्ण विद्या द्यावी. मालकाने हयगय केली, तर कैदेचीही तरतूद होती.

२०१४ च्या दुरुस्तीने या व्यवहाराची एक बाजू तशीच ठेवली आणि दुसरी बाजू मोडून टाकली. कैदेची शिक्षा गेली, केवळ दंड उरला. उमेदवाराच्या कामाचे तास ठरवणे मालकाकडे सोपवण्यात आले. ‘ऐच्छिक व्यवसाय’ नावाचा नवा प्रकार निर्माण झाला आणि त्यात काय शिकवायचे, हे मालकानेच ठरवावे असे झाले. पुढे २०१९ च्या नियमदुरुस्तीने, कंत्राटी कामगारांसह एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार ठेवण्याची व्यवस्था केली. दोन हजार माणसांच्या कारखान्यात तीनशे उमेदवार ठेवता येतात, असा याचा हिशेब. मुदत संपल्यावर त्यांना नोकरी द्यावी, असे बंधन मात्र नाही. कारखान्याने आपले धोरण आपणच आखावे, एवढेच कायदा म्हणतो. तीनशे गेले की नवे तीनशे येतात. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली २०१६ पासून विद्यावेतनातील काही वाटाही सरकार उचलू लागले. म्हणजे मालकाला मिळणाऱ्या स्वस्त श्रमासाठी जनतेच्या तिजोरीतून पैसे जातात.

यावरही कळस चढला तो औद्योगिक संबंध संहितेने. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराची व्याख्या करताना ‘शिकाऊ उमेदवारासह’ असे शब्द होते. त्या दोन शब्दांच्या आधारे निदान भांडायला तरी जागा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या संहितेत त्या जागी ‘१९६१ च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवार वगळून’ असा अर्थ आला आहे. ‘सह’ होते तेथे ‘वगळून’ आले; एवढ्याशा बदलाने लाखो तरुण औद्योगिक विवादाच्या कक्षेबाहेर फेकले गेले.

कारखानदारांचे वकील यावर म्हणतील की, शिकणाऱ्याला हक्क दिले तर कोणी शिकवणारच नाही. या युक्तिवादाला उत्तर जर्मनीत आहे. तेथे मेकॅट्रॉनिक्स तंत्रज्ञ हा मान्यताप्राप्त व्यवसाय १९९८ मध्ये सुरू झाला. त्याची मुदत साडेतीन वर्षे आहे. आठवड्यातील काही काळ कारखान्यात आणि काही काळ सरकारी शाळेत, असे हे शिक्षण चालते. काय शिकवायचे, हे एकटा मालक ठरवत नाही. अभ्यासक्रमाच्या नियमांत कामगार संघटनांचाही हात असतो. उमेदवाराचे वेतन बहुतेक मोठ्या उद्योगांत सामूहिक कराराने ठरते आणि १९७२ च्या कायद्यानुसार उमेदवार आपले स्वतंत्र प्रतिनिधी निवडून देतात. याने जर्मन कारखाने बुडाले नाहीत. जर्मन भांडवलदार भारतीय भांडवलदाराहून दयाळू आहे, असेही नाही. तेथील संघटनांनी प्रशिक्षण हा आपला विषय मानला आणि तो हातचा जाऊ दिला नाही, एवढेच. त्याच देशातील कंपन्यांचे कारखाने पुण्याच्या परिसरात आहेत. तेथील रीत येथे का चालत नाही, हे विचारणारे कोणी नाही, म्हणून ती चालत नाही.

येथे चळवळीने आपल्याही पदरातील दोष पाहिले पाहिजेत. कायम कामगारांच्या संघटना दर तीन-चार वर्षांनी वेतनकरार करतात, सनई-चौघडे वाजतात. पण त्याच ओळीवर उभ्या असलेल्या उमेदवाराचे नाव त्या करारात सापडत नाही. त्याला सभासद करून घेत नाहीत, त्याची गाऱ्हाणी ऐकत नाहीत. तो आज आहे, उद्या नाही, असे म्हणून हात झटकले जातात. परंतु उद्या नसणारे असे शेकडो जेव्हा रोजचे उत्पादन काढू लागतात, तेव्हा संपाचे हत्यार बोथट होते, हे ध्यानात यायला फार उशीर लागतो. उमेदवाराची उपेक्षा करणे हा अन्याय तर आहेच, तो आत्मघातही आहे.

दुसरा दोष विचारांचा आहे. यंत्र आले की विरोध, एवढ्यावरच काही कार्यकर्त्यांची भूमिका थांबते. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२८ साली सहा महिने संप केला, तो यंत्राच्या द्वेषाने नव्हे. त्याच मजुरीच्या हिशेबात एका माणसावर अधिक माग आणि अधिक साचे लादायचे आणि उरलेल्यांना रस्त्यावर काढायचे, याला त्यांचा विरोध होता. जुलै १९५७ मधील पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी सुसूत्रीकरणाची तत्त्वे मान्य केली होती. असलेल्या कामगारांची कपात होऊ नये, त्यांची कमाई घटू नये आणि लाभाची वाटणी समाज, मालक व कामगार यांच्यात न्याय्य रीतीने व्हावी, ही ती तत्त्वे. यंत्रमानवाच्या युगात या तत्त्वांत एका चौथ्याची भर घातली पाहिजे. जे यंत्र येईल, त्याची पूर्ण विद्या कामगाराला मिळालीच पाहिजे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. शिकाऊ उमेदवार हा कामगार आहे, ही व्याख्या परत आली पाहिजे. ऐच्छिक व्यवसायाच्या पळवाटेतून मालकाने बनवलेला अर्धवट अभ्यासक्रम रद्द झाला पाहिजे. तो ठरवताना संघटनांना जागा मिळाली पाहिजे. मेकॅट्रॉनिक्स तंत्रज्ञाचा दोन वर्षांचा व्यवसाय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या यादीत आहे. तो जिल्ह्याजिल्ह्यांत, सरकारी खर्चाने, पुरेशी यंत्रे आणि कायम शिल्पनिदेशक देऊन चालवला पाहिजे. राज्यात चारशेहून अधिक सरकारी संस्था आहेत. त्यांच्या जमिनी आणि कार्यशाळा जनतेच्या आहेत. खासगी भागीदारीच्या २०२५ च्या धोरणाखाली भागीदार कंपनी आपल्याच यंत्रापुरते शिकवू लागली, तर त्या शाळा राहणार नाहीत, भरतीच्या छावण्या होतील. आणि जेथे नवे यंत्र येते, तेथे ते चालवण्याची पहिली संधी, भरपगारी प्रशिक्षणासह, जुन्या कामगाराला मिळाली पाहिजे. पंचेचाळिशीचा जोडारी नवी विद्या शिकू शकत नाही, हा मालकाचा सोयीस्कर समज आहे. ज्याने वीस वर्षे यंत्राचा आवाज ऐकून दोष ओळखला, त्याला सेन्सरची भाषा कळायला अडचण पडू नये.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. कार्यकर्त्यांनी आपल्या वसाहतीतील प्रत्येक कारखान्यात एक साधी चौकशी करावी. प्रशिक्षणार्थी म्हणवल्या जाणाऱ्या किती तरुणांचा करार १९६१ च्या कायद्याखाली रीतसर नोंदलेला आहे? संहितेने वगळले आहे ते त्या कायद्याखालील उमेदवारांनाच. ज्याचा करारच नोंदलेला नाही, त्याला केवळ ‘ट्रेनी’ असे नाव दिल्याने तो कामगार असण्याचे थांबत नाही. त्याच्या वतीने विवाद उभा करता येतो. ज्यांचा करार नोंदलेला आहे, त्यांना ठरलेले शिक्षण मिळते की नुसते उत्पादन काढून घेतले जाते, याची पाळीनिहाय नोंद ठेवावी. अशा नोंदींची एक वही दहा भाषणांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

स्वयंचलित कारखान्यात माणसे कमी लागतील, हे खरे. पण म्हणूनच जी लागतील ती कोणत्या दर्जाची असावीत, याचा निर्णय मालकांवर सोपवून चालणार नाही. कामाला लायक माणसे नाहीत, असे जे म्हणतात, त्यांना कामगार चळवळीने उलट विचारले पाहिजे : तीनशे तरुण दरवर्षी तुमच्या दारातून आत आले आणि बाहेर पडले, त्यांना तुम्ही काय शिकवले?