मांजराच्या डब्यातलं फर्मवेअर कुणाचं?

३० मे २०२४ ला नागपुरात ५६ अंश तापमान नोंदवलं गेलं. रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राचा तो आकडा देशभर बातमी झाला. मग हवामान खात्याने सांगितलं, सेन्सर बिघडला होता. हे उघड झालं, कारण परिसरातली इतर काही केंद्रं ४४ च्या आसपास होती आणि सगळे आकडे लोकांसमोर होते.

आता असाच एक सेन्सर घरातल्या बंद डब्यात आहे असं समजा. आकडा फक्त कंपनीच्या सर्व्हरवर. चूक कोण पकडणार?

मांजराचा ऑटोमॅटिक लिटर बॉक्स असाच असतो. खाली लोड सेल, म्हणजे वजनकाट्यातला सेन्सर. मांजर बाहेर पडलं की काही मिनिटांनी मोटर ड्रम फिरवते आणि घाणीचे गोळे चाळून खालच्या खणात पाडते. लोड सेलने चूक केली, तर आत मांजर असताना ड्रम फिरतो. अशा यंत्रांत अडकून मांजरं मेल्याच्या बातम्या परदेशातून आल्या आहेत.

म्हणून ईएसपी३२ आणि एचएक्स७११ चिप घेऊन स्वतःचा बोर्ड आणि फर्मवेअर बनवणाऱ्यांना ‘रिकामटेकडे’ म्हणणं बंद करा. निदान आत काय चाललंय, हे त्यांना वाचता तरी येतं.

एक उदाहरण बघा. एचएक्स७११ च्या बहुतेक नमुना कोडमध्ये यंत्र सुरू होताच समोरचं वजन शून्य धरलं जातं. नागपूरच्या मे महिन्यात लाईट जाते, येते. येताना मांजर आत बसलेलं असेल तर ते मांजरच शून्य! उपाय सोपा आहे: शून्याचा आकडा मेमरीत साठवा आणि सुरू होताना मोटर हलवू नका. पण कोड दिसला तरच हे सुचतं.

‘घरचं यंत्र जास्त धोक्याचं नाही का?’ असू शकतं. म्हणूनच सुरक्षा फक्त सॉफ्टवेअरवर सोडायची नाही. मोटर कमी ताकदीची हवी, आणि अडथळा आला की तिचा करंट थेट सर्किटनेच तोडला पाहिजे. हीच अट कंपन्यांनाही लावा.

क्लाउडचा भरवसा तर नकोच. फेब्रुवारी २०२० मध्ये पेटनेट या अमेरिकी कंपनीची यंत्रणा बंद पडली आणि तिचे खाऊ घालणारे डबे जवळपास आठवडाभर गडबडले. लिटर बॉक्समधली नोंद तर आरोग्याची असते. बोका पुन्हा पुन्हा आत जातोय आणि लघवी होत नाहीये, म्हणजे मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. ती नोंद डॉक्टरांना दाखवायला सर्व्हरची परवानगी का लागावी?

केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत मोबाईल, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं, गाड्या होत्या. पण सुटा भाग मिळाला आणि कोड बंदच राहिला, तर दुरुस्ती अर्धीच.

तेव्हा विकत घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. इंटरनेटशिवाय चालतं का? नोंदी मला मिळतात का? लाईट परत आल्यावर पहिलं काय करतं? विकणाऱ्याला उत्तर देता आलं नाही तर पैसे खिशात ठेवा. स्वतः बनवा आणि कोड सगळ्यांसाठी खुला करा. तेही जमत नसेल तर प्लॅस्टिकचा साधा झारा आहेच. त्याला पासवर्ड लागत नाही.