दिवा पुरे, आता अधिकार द्या

दरवर्षी १२ मे उजाडला की परिचारिकांच्या गौरवाचे सोहळे सुरू होतात. दिवे पेटतात, गुलाबपुष्पे वाटली जातात, ‘सेवेची मूर्ती’, ‘त्यागाची देवता’ अशी विशेषणे सढळ हाताने उधळली जातात. दुसऱ्या दिवशी तीच परिचारिका वॉर्डात उभी असते आणि मध्यरात्री एखादा रुग्ण ढासळू लागला तर डॉक्टरांची झोप मोडावी की न मोडावी, या पेचात सापडते. आमची तक्रार या गौरवाविषयीच आहे. परिचारिकेच्या हृदयाचे गोडवे गाऊन आपण तिच्या बुद्धीचे देणे बुडवीत आहोत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्यांच्या जन्मदिनी हे सोहळे होतात, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल केवळ दिवा घेऊन फिरणाऱ्या साध्वी नव्हत्या. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक सैनिक मेले, हे त्यांनी १८५८ साली आकडे आणि आकृत्या मांडून सरकारला दाखवले. १८५९ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. आपण त्यांच्या हातातला दिवा तेवढा उचलला आणि दुसऱ्या हातातली वही विसरलो.

खालापूर तालुक्यातील चौक हे गाव घ्या. इर्शाळगडाच्या सावलीत, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर ते वसले आहे. भोवताली भातखाचरे आणि ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री जवळच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा चौकचे नाव साऱ्या राज्याने ऐकले. आमचा मुद्दा मात्र त्या एका भीषण रात्रीपुरता नाही. कॅमेरे निघून गेल्यानंतर येणाऱ्या साध्या रात्रींचा आहे. आणि तो चौकच्याच नव्हे, अशा प्रत्येक गावच्या रुग्णालयाला लागू आहे.

लावणीच्या दिवसांत शेतकऱ्याला साप चावतो. नाग किंवा मण्यार असेल तर पापण्या जड होऊ लागतात, गिळणे अवघड होते, पुढे श्वासच थांबतो. घोणस असेल तर रक्त गोठेनासे होते. कोरड्या, स्वच्छ काचनळीत रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवले की ते कळते. प्रतिविष सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांतच अंगावर पित्त उठते का, रक्तदाब घसरतो का, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. औषध डॉक्टर लिहून देतात, हे खरे. पण पापणी किंचित उतरली, हे प्रथम कोणाला दिसते? खाटेशी जी उभी असते तिला.

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचेही तेच. पोटात रक्तस्राव होत असेल तर बहुधा रक्तदाब कोसळण्याआधी नाडी वाढते, श्वास जलद होतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली धोक्याच्या पूर्वसूचनेची एक गुणपद्धती प्रसृत केली. श्वासाची गती, रक्तातील प्राणवायू, बाहेरून प्राणवायू लावला आहे का, रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि तापमान अशा सात गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज ठरावीक रेषेपलीकडे गेली की वरिष्ठांना बोलावलेच पाहिजे. तिथे परिचारिकेने संकोच करण्याचा प्रश्न उरत नाही. कागदच तिच्या बाजूने बोलतो.

परंतु छातीची हालचाल पाहत पुरते एक मिनिट श्वास मोजायला त्या मिनिटाची सवड हवी. केंद्राच्या २०१२ च्या मानकांनी तीस खाटांच्या सामुदायिक आरोग्य केंद्राला दहा परिचारिका ठरवून दिल्या. तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्या आणि रजा वजा करा. त्यात प्रसूतीकक्षही सांभाळा. रात्री वॉर्डात किती उरतात, याचे गणित वाचकांनीच करावे. जिथे मंजूर पदेही रिक्त राहतात, तिथे तर बोलायलाच नको. २००२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये तीस दिवसांच्या आत मृत्यू येण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. रिक्त पद ही केवळ प्रशासकीय बाब नाही, हे यावरून उघड व्हावे.

परिचारिकेला निर्णयबुद्धी असते, हे आपल्याला ठाऊक नाही असेही नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला. मे २०१५ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत, सुमारे बेचाळीस वर्षे, त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि पुढच्या पिढ्यांच्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली, शय्याव्रण होऊ दिले नाहीत. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाची याचिका फेटाळताना, अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचारीवर्गाचा आहे, असे मानले. उपचार थांबवायचे झाल्यास उच्च न्यायालयाची संमती लागेल, एवढी अट घातली. ज्यांनी रोज कूस बदलली त्यांचे मत प्रथम, हा त्या निर्णयाचा गाभा आहे. एका रुग्णाच्या बाबतीत देशाच्या सर्वोच्च पीठाने जे मान्य केले, ते गावोगावच्या वॉर्डांत का मान्य होऊ नये?

यावर आक्षेप येतो की परिचारिका म्हणजे डॉक्टर नव्हे. मान्य. तिने औषधे ठरवावीत, शस्त्रक्रिया करावी, असे आम्ही म्हणतच नाही. आमच्या मागण्या साध्या आहेत. कोणत्या लक्षणांवर डॉक्टरांना बोलवायचे, याचा लेखी नियम प्रत्येक वॉर्डात लावावा आणि त्यानुसार बोलावणाऱ्या परिचारिकेला कोणी दटावू नये. रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवण्यासाठी १०८ ची रुग्णवाहिका मागवण्याची मुभा तिला त्याच नियमाने असावी. दूरध्वनीवरून दिलेला आदेश वेळेसह नोंदला जावा आणि देणाऱ्याने त्याखाली सही करावी. एका परिचारिकेकडे कमाल किती रुग्ण, हे ठरवून ते पाळले जावे. आज चूक झाली की नोंदवहीत तिचे नाव शोधले जाते; रुग्ण वाचला की ते कोणालाच आठवत नाही. जबाबदारी आहे पण अधिकार नाही, ही स्थिती कोणत्याही पेशात अन्यायाचीच म्हणावी लागेल.

आणि हे केवळ सरकारला ऐकवून आम्ही थांबणार नाही. आपणही रुग्णाचे नातेवाईक म्हणून वॉर्डात जातो तेव्हा ‘सिस्टर’ अशी हाक मारतो. मठातल्या भगिनींकडून रुग्णसेवेत आलेला हा शब्द आदराचा. पण आपल्या तोंडी तो पाण्याचा तांब्या मागण्यापुरता उरला आहे. ती काही सांगू लागली की आपण तिच्या खांद्यावरून पाहत विचारतो, “डॉक्टर कुठे आहेत?” पुढच्या १२ मे रोजी फुले नेली नाहीत तरी चालेल. रुग्णालयाच्या समितीपुढे जावे आणि एवढेच विचारावे: येथे रात्रपाळीला किती परिचारिका असतात, आणि त्यांचा शब्द लेखी कुठे चालतो? उत्तर मिळेपर्यंत आपण उठू नये.