एका माणसाचे कुटुंब

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या नियमांत एक मौजेची तरतूद आहे. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी पाहणीच्या लेखी एका माणसाचे स्वतंत्र कुटुंब असतो. गावाकडच्या ज्या घरातून त्याला पैसे येतात त्या घराचा तो सभासद नव्हे. तो स्वतःच कुटुंब आणि स्वतःच कुटुंबप्रमुख! श्रमशक्तीच्या पाहणीत, अभ्यासाखेरीज दुसरे काम तो करीत वा शोधीत नसेल, तर तो कामकरीही नव्हे आणि बेकारही नव्हे. संख्याशास्त्राला अशा व्याख्या कराव्याच लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु त्या व्याख्यांच्या आड काय दडते, हे एकदा पाहिले पाहिजे.

लातूर जिल्ह्यातून पुण्यास आलेला, अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकणारा एखादा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून तो सदाशिव पेठेत चौघांच्या खोलीत कॉट बेसिसवर राहतो. सकाळी सातला अभ्यासिकेत जागा धरतो. तेथे येणाऱ्या एकुलत्या एका वर्तमानपत्राची पाने सुटी होऊन टेबलाटेबलांवरून फिरत असतात. अग्रलेखाचे पान हाती येईस्तोवर बहुधा दुपार होते. दोन वेळा मेस. रविवारी संध्याकाळी मेस बंद, तेव्हा वडापाव.

अशाच एका सुट्या पानावर त्याने 2023-24 च्या उपभोग खर्च पाहणीचे आकडे वाचले. शहरी भागात दरडोई मासिक खर्च 6,996 रुपये आणि त्यात अन्नाचा वाटा 39.68 टक्के. अर्थशास्त्राचाच विद्यार्थी तो. त्याने आपला जमाखर्च शेजारी मांडून पाहिला. उत्पन्न वाढते तसा खर्चातील अन्नाचा वाटा घटतो, हा 1857 सालचा एंगेलचा सिद्धान्त त्याला पाठ आहे. त्याच्या स्वतःच्या खर्चात अन्नाचा वाटा सरासरीहून कमीच निघाला. पण तो कॉटच्या भाड्याने, अभ्यासिकेच्या फीने आणि परीक्षांच्या शुल्काने बाकीचे सर्व गिळल्यामुळे. महिनाअखेरीस एक वेळची मेस त्याने बंद केली तर हा वाटा आणखी खाली येईल आणि सिद्धान्ताच्या भाषेत तो अधिक सधन दिसेल!

याच पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 साली दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा माणसाला किती उष्मांक मिळतात या प्रश्नापासून त्यांनी सुरुवात केली होती. तो प्रश्न या खोल्यांमधून आज पुन्हा विचारण्याजोगा आहे.

भाडे आणि मेस यांचा हिशेब हा विद्यार्थी मनातल्या मनात क्विंटलमध्ये करतो. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि मराठवाड्याच्या बाजारांत भाव त्याच्या बराच खाली राहिला. प्रत्येक क्विंटलमागे गेलेले ते पैसे म्हणजे पुण्यातल्या मेसचे काही दिवस. उच्च शिक्षणावरील सरकारी खर्चाची चर्चा आपल्याकडे अधूनमधून होते. शेतकरी कुटुंबे आपला उपभोग आवळून जी गुंतवणूक करतात ती मात्र त्या चर्चेत कोठेच येत नाही. पाहणीतही ती विद्यार्थ्याचा खर्च म्हणून उमटते, आणि घर तेवढे गरीब दिसते.

सरकारने काही केले नाही असे नव्हे. दरमहा 20,000 रुपयांपर्यंतच्या वसतिगृहवजा निवासाला, सलग 90 दिवस राहण्याच्या अटीवर, वस्तू व सेवा करातून सूट देण्याची शिफारस 22 जून 2024 रोजी जीएसटी परिषदेने केली. वह्या-पेन्सिलींवरील कर 22 सप्टेंबर 2025 पासून उठला. पण पेठेतला कॉटमालक पावतीच देत नाही, तेथे सूट कसली?

त्याच जूनमध्ये घडलेली दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. 18 जून 2024 रोजी देशभरातील 9 लाखांहून अधिक उमेदवारांनी नेटची परीक्षा दिली आणि दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली. ज्या प्रश्नपत्रिकेच्या छायाचित्रावरून गहजब झाला त्यात फेरफार केलेला होता, असे पुढे सीबीआयच्या तपासात निघाले. एस.टी.चे भाडे, एका रात्रीचा मुक्काम, बुडालेली शिकवणी असा माणशी 500 रुपयांचा खर्च धरला तरी 45 कोटी रुपये होतात. हे पैसे कोणत्याही खात्याच्या ताळेबंदात तोटा म्हणून नोंदले गेले नाहीत. ते उमेदवारांच्या खिशातून गेले, एवढेच. फेरपरीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाली. मधल्या दोन-अडीच महिन्यांचे भाडे आणि मेस त्या 45 कोटींत धरलेले नाहीत. सरकारी कंत्राट रद्द झाले तर कंत्राटदार भरपाई मागतो आणि पुष्कळदा मिळवतो. परीक्षार्थ्याला प्रवासखर्चही परत मागता येऊ नये, याला काय म्हणावे?

ज्या थोड्यांना या परीक्षेतून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळते त्यांना 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये देय आहेत. रक्कम अपुरी म्हणता येणार नाही. प्रश्न उरलेल्यांचा आहे. केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना मिळणारे 8,000 रुपयेही 2015 साली बंद करण्याचे घाटले होते आणि विद्यार्थ्यांना दिल्लीत आयोगाच्या दारात ठाण मांडून बसावे लागले होते. राज्य विद्यापीठातल्या एम.ए.च्या विद्यार्थ्याला तर त्या आंदोलनाचाही लाभ नव्हता. आणि नेट उत्तीर्ण झाला तरी त्याच्यापुढे बहुधा येते ती तासिका तत्त्वावरची नेमणूक, म्हणजे सुट्टीच्या महिन्यांत वेतन शून्य.

अभ्यासिका रात्री अकराला बंद होते. हा विद्यार्थी खोलीवर येतो तेव्हा शेजारच्या कॉटवरचा मुलगा फोनवर घरी सांगत असतो की जेवण झाले. वार रविवारचा असतो.