खाण संपल्यावर जागेचा वाली कोण?

आखीव शहराच्या हद्दीत खडीची खाण असली की वाद ठरलेला. रहिवाशांना धूळ आणि हादरे नकोत, बिल्डरला खडी जवळच हवी, आणि पशुपक्ष्यांचा विषय निघाला की ‘खाणीत कसले आलेत प्राणी?’ म्हणून तो हसण्यावारी जातो. पण ब्रिटनमधल्या वाळू-खडीच्या खाणी पाहा. सँड मार्टिन ही चिमणीहून लहान पाकोळी आफ्रिकेतून तिथे येते आणि ताज्या, उभ्या कापलेल्या कड्यात हातभर खोल बीळ कोरून अंडी घालते. कडा ढासळून उतरता झाला की ती तिथे फिरकत नाही. म्हणजे खोदणारे यंत्रच तिला जागा करून देते आणि त्याच यंत्राच्या पुढच्या घासात पिल्लांसकट घर खाली येते. उपाय साधा आहे. काम करायचे ते कडे विणीआधीच उतरते करावेत, एक उभा कडा तिच्यासाठी सोडावा आणि उन्हाळाभर तिकडे यंत्र नेऊ नये. खर्च फारसा नाही. मात्र हे वेळापत्रक खोदाईच्या परवान्यातच लिहिलेले हवे. अंडी दिसल्यावर काम थांबवायला सांगाल तर मालक ऐकेल कशाला?

‘खाण संपली की तळे होईल, पक्षी येतील,’ हे आश्वासनही तपासून घ्यावे. मिल्टन कीन्स हे १९६७ साली घोषित झालेले नियोजित शहर. त्याच्या उत्तर कडेला ग्रेट लिनफर्ड इथे खडी काढलेल्या खड्ड्यांत पाणी भरले, बदकेही आली. पिल्ले मात्र पुरेशी जगेनात. खाणकंपनी आणि गेम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने मिळून शोध घेतला, तेव्हा कळले की पिल्लांच्या तोंडचे किडे तळ्यातले मासेच फस्त करत होते. मासे काढल्यावर पाणवनस्पती, गोगलगायी, किडे वाढले आणि पिल्लेही जगू लागली. वीस वर्षांचे हे काम १९९२ साली पुस्तकरूपाने आले. नुसते पाणी भरणे म्हणजे पुनर्वसन नव्हे, हे कळायला एवढा काळ जागेवर टिकणारे कोणीतरी लागले. त्याच वर्षी शहराची हिरवी जमीन सांभाळायला पार्क्स ट्रस्ट उभा राहिला आणि सोबत सुमारे दोन कोटी पौंडांची मालमत्ता त्याच्या हवाली झाली. तिच्या उत्पन्नावर देखभाल चालते. मला यातले पक्षीप्रेम नाही, हा हिशेब मोलाचा वाटतो.

ब्रिटनचे दाखले इथे कशाला, असे कोणी म्हणेल, आणि आक्षेपात तथ्य आहे. तिथल्या खाणी नदीकाठच्या सपाटीवर. आपला पारसिकचा डोंगर काळ्या पाषाणाचा. एकदा फोडलेला डोंगर परत उभा राहत नाही. पण १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वसवलेली नवी मुंबईही आखीवच आहे, आणि तिच्या इमारतींची खडी याच डोंगरातून निघाली. दख्खनच्या पठारावर जुन्या दगडखाणींच्या कपारींत शृंगी घुबड अंडी घालते. अशा कपारी शाबूत ठेवणे, तळाशी साचणारे पाणी राखणे आणि खड्ड्यात शहराचा राडारोडा ओतू न देणे, एवढे इथेही जमण्यासारखे आहे. शिवाय शेजारच्या सगळ्या खाणींचा परिणाम एकत्र मोजायला हवा. पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सांगितले, ते तुकडे पाडून नियम चुकवले जातात हे ध्यानात घेऊनच.

मग खाणीच बंद करा, ही मागणी मला पटत नाही. शहराला खडी लागतेच. इथली खाण बंद झाली की ट्रक दुसऱ्या गावच्या डोंगराकडे वळतात, आणि त्या गावाच्या बाजूने अग्रलेख लिहिणारे कोणी नसते. शर्तींमुळे घरे महागतील, हे म्हणणेही ताणलेले आहे; घराच्या किमतीत खडीपेक्षा जमिनीचा भार कितीतरी मोठा. तेव्हा सिडको आणि जिल्हाधिकाऱ्यांनी यापुढे कोणताही पट्टा देताना खोदाईबंदीचे महिने, सोडायचे कडे आणि नंतर ती जागा सांभाळणाऱ्याचे नाव करारात घालावे, आणि त्याच्या खर्चाची रक्कम पहिला सुरुंग उडण्याआधी जमा करून घ्यावी. मिल्टन कीन्सच्या पार्क्स ट्रस्टला जमीन ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाली आहे.